एका साडीची सही

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

सही करणार नाही! निदान न वाचता तर मुळीच नाही!

इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने बोललं की घरात हसतात. काल दादा येऊन गेला. शत्रुघ्न दादा, माझा एकुलता एक भाऊ, नायगावला बाबांच्या घरात राहतो. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. खाडीकडची जमीन आता बिल्डरला द्यायची आहे. चहूबाजूंनी बावीस-बावीस मजले उठलेत, मधे आमचीच खाचरं उरलीत. त्यासाठी माझं हक्कसोडपत्र पाहिजे — म्हणजे बाबांच्या जमिनीत मला काही नको, असं मी लिहून द्यायचं. बदल्यात साडी! आमच्याकडे रीतच आहे. भाऊ साडी देतो, बहीण सही करते आणि वर पोटभर जेवून हसत घरी येते. माझ्या दोन्ही आत्यांनी बाबांसाठी हेच केलं.

मी म्हटलं, दादा, आधी कागद दाखव.

"कागद इंग्रजीत आहे जयू, तुला काय कळणार! वकिलाकडे आहे तो. आणि आता पितृपक्ष लागला, या दिवसांत सह्या नकोत. भाऊबीजेला ये, ओवाळ, तेव्हाच उरकून टाकू. दुसऱ्या दिवशी रजिस्टर ऑफिस."

तुला काय कळणार! दहावीला इंग्रजीत पस्तीस होते मला. काठावर, पण पास! हा दोनदा बसला आणि दोन्ही वेळा आपटला. ते बरं सोयीस्कर विसरला.

भाऊबीज २३ ऑक्टोबरला. सहा आठवडे आहेत.

१० सप्टेंबर

एक ठरवलं. या वहीत नवऱ्याला 'हे' लिहिणार नाही. कृष्णा लिहिणार. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले, आणि वहीत कोण ऐकतंय!

तर कृष्णाचं मत — सही करून मोकळी हो. "भावाशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?" असं म्हणून माठाच्या जुड्या बांधत बसला. होळी गावातल्या आमच्या या भाजीच्या वाडीत तो वाघ. वाडीचं फाटक ओलांडलं की शेळी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रोवेना टीचरकडे क्लास लावला! चर्चच्या मागच्या गल्लीत घर आहे त्यांचं. शाळेतनं रिटायर झाल्यापासून पडवीत इंग्रजी शिकवतात, मंगळवार-शुक्रवार चार वाजता. फी विचारली तर म्हणाल्या, "तुझ्या वाडीतलं अळू आण, केळफूल आण. पैसे नकोत."

आम्ही चौघं आहोत. नायगावच्या टॉवरमधल्या दोन नव्या सुना, मी, आणि गॉडफ्रे अंकल, वय बहात्तर. नातवंडं कॅनडात, त्यांना मराठी येत नाही, म्हणून आजोबा इंग्रजी पक्कं करताहेत.

टीचरनी विचारलं, "तुला कशासाठी शिकायचंय?"

"भावाशी भांडायला."

दोन्ही सुना फिस्सकन हसल्या. टीचर नाही हसल्या. उठून आत गेल्या, एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या, मधलं पान उघडलं. धडा सातवा — नात्यांतली भांडणं आणि पैसा. म्हणाल्या, "मग पहिले सहा धडे सोडून देऊ."

बाई आवडली मला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज तीन वाक्प्रचार. आपल्या म्हणींसारखेच, पण साहेबाचे.

'बॅड ब्लड' — नात्यातलं जुनं वैर. रक्त दुधासारखं नासलं म्हणायचं.

'मेक एन्ड्स मीट' — कमाई आणि खर्चाची तोंडमिळवणी. हे मला शिकवायला नको! मीच शिकवीन चार जणींना.

'विथ स्ट्रिंग्ज अटॅच्ड' — द्यायचं, पण मागे दोरी बांधून. टीचर उदाहरण शोधत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, माझ्याकडे आहे. साडी!

गॉडफ्रे अंकलना 'बॅड ब्लड' वापरून वाक्य करायला सांगितलं. ते उभे राहिले. शाळेत उभं राहायचो तसे. म्हणाले, देअर इज बॅड ब्लड बिटवीन मी अँड माय सिस्टर जीना. मग मराठीत, हळूच — "अकरा वर्षं झाली. मी समोरून आलो तर रस्ता बदलते." टीचर 'व्हेरी गुड' म्हणाल्या आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या. दुसरं काय म्हणणार?

१९ सप्टेंबर

सुरुचीला वाटतं मी नुसता थयथयाट करतेय. माझी लेक. गोरेगावला नोकरीला आहे, दिवसभर इंग्रजीतच बोलते. "आई, एवढा आटापिटा कशाला? कागदाचा फोटो काढ, फोन मराठी करून देतो."

कागद आधी हातात देणारच नाहीत! ओवाळल्यावर देणार. सगळे बघत असणार, पेन पुढे केलेलं असणार, आतून जेवणाचा वास येत असणार. तेव्हा फोन काढला की दादा म्हणणार — भावावर विश्वास नाही? फोनवर आहे? आणि मी वरमणार. मी मला ओळखते.

"मग मी येते सोबत, मी वाचते," म्हणाली.

म्हटलं, तू वाचलंस तर तुला कळेल. मला कळायला हवंय!

 थोड्या वेळाने आपणहून माझे स्पेलिंग तपासायला घेतले. विसांतले अकरा बरोबर.

२३ सप्टेंबर

'टेक फॉर ग्रँटेड' — गृहीत धरणं. पंचवीस वर्षांचा संसार तीन शब्दांत! साहेब हुशार होता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कडाक्याचं भांडण झालं. जेवताना मी कृष्णाला 'रिप ऑफ' समजावून सांगत होते — गोड बोलून लुबाडणं. म्हटलं, दादा माझ्याशी तेच करतोय.

कृष्णा आमटी भुरकत म्हणाला, "आणि रचनाकडनं आपण नाही घेतली सही?"

रचना माझी नणंद. याची धाकटी बहीण. या वाडीची सही तिने सात वर्षांपूर्वी दिली.

ते वेगळं! एक तर वाडी केवढीशी! इथे कुठे बिल्डर आलाय? तेव्हा अठरा वर्षं मी या मातीत राबले होते, रचनाने किती पाणी घातलं इथे? शिवाय तेव्हा तिचं बरं चाललं होतं. तिच्या नवऱ्याची, धनेश भावोजींची, सातिवलीच्या कंपनीतली नोकरी पक्की होती. कंपनी नंतर बंद पडली, त्याला आम्ही काय करणार? आणि साडी मी स्वतः जाऊन आणली वसई मार्केटमधनं. जरीची. तीन दुकानं पालथी घालून.

हे सगळं त्याला सुनावलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. बरं! या 'बरं'ला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारायला हवं, कारण त्यात दहा शिव्या असतात.

ते वेगळं आहे. पुन्हा लिहिते. वेगळं.

२७ सप्टेंबर

कृष्णाशी बोलत नाही. 'कोल्ड शोल्डर' — गार खांदा. या उकाड्यात त्याला बरंच वाटत असेल.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज धाकट्या आत्याची आठवण आली. तिने सही केली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. शाईचं पॅड मीच धरलं होतं, मोठी कामगिरी मिळाल्यासारखी! तिला अंजिरी रंगाची साडी दिली होती. ती लगेच आत जाऊन नेसून आली, सगळ्यांच्या पाया पडली.

पुढे तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा ती बाबांकडे आली होती. दुपारभर बसली. मागितलं नाही काही. नुसती बसली. बाबांनी चहा दिला, बिस्किटं दिली, बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "तिचं काही काम होतं वाटतं."

बाबा वाईट नव्हते. पण कळत होतं त्यांना.

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडू संपला सगळा! कृष्णाशी बोलणं सुरू केलं. झेंडूच्या दिवशी अबोला परवडत नाही.

दुपारी सोनं द्यायला नायगावला गेले, मुद्दाम दादा घरी नसताना. आई दारात बसली होती. नाव सत्यवती, पण जन्मभर एक खोटं बोलत आली — "माझा काय, माझा बरा चाललाय."

माझा हात धरून म्हणाली, "जयू बाय, सही करून टाक. भावाचा मन नको मोडू. मी हाय तवर तुला या घरान पानी मिलंल. मी गेल्यावर कोन इचारील?"

म्हटलं, आई, पेलाभर पाण्यासाठी जमीन द्यायची?

"मी पन आंगठा देनार हाय त्याच दिवशी. लाइटचा मीटर शतूच्या नावावर करायचा हाय बोलला."

मीटरला भाऊबीजेला अंगठा? म्हटलं, नक्की मीटरच ना? "मना काय ठाव! त्यो बोलला."

निघताना विचारते, "इंग्रजी खराच शिकतस? बोलून दाखव." मी म्हटलं — आय विल रीड बिफोर आय साइन. आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की खोकला लागला. "आनकी एकदा बोल!" तीन वेळा बोलून घेतलं माझ्याकडनं.

४ ऑक्टोबर

मला नक्की काय पाहिजे, ते लिहून बघते.

पैसे पाहिजेत का? हो, पाहिजेत! बाईने पैसे पाहिजेत म्हटलं की सगळ्यांना पाल पडल्यासारखं होतं. मला पाहिजेत. सुरुचीच्या लग्नासाठी नाही, कृष्णाच्या ठिबकच्या पाइपांसाठी नाही. माझ्या नावाच्या खात्यात, नुसते पडून राहिले तरी चालेल.

आणि माहेर? तेही पाहिजे! दोन्ही पाहिजे. दादाला जमीन आणि बहीण दोन्ही मिळते, मग मलाच का एक निवडायला सांगतात?

७ ऑक्टोबर, मंगळवार

क्लास सुटल्यावर गॉडफ्रे अंकल थांबले. पिशवीतून एक जुना कागद काढून टीचरच्या पुढे ठेवला. जीनाबाईंच्या सहीचं हक्कसोडपत्र! "हिला हे शिकवा. सगळे कागद असेच असतात."

पाच पानं. टीचरनी एकेक ओळ मटार सोलावे तशी सोलून दिली. 'रिलीज' — सोडून देणं. 'शेअर' — हिस्सा. 'नो क्लेम' — पुन्हा मागायचं नाही. 'फॉरएव्हर' — कायमचं. आणि दुसऱ्या पानावर, टीचरनी सांगायच्या आधी, मी! माझं मी वाचलं! — 'आउट ऑफ नॅचरल लव्ह अँड अफेक्शन'. लव्ह तर येतंच, अफेक्शन धडा सातमध्ये आहे. म्हणजे बहीण सगळं सोडते आहे ते मुळातल्या प्रेमापोटी आणि जिव्हाळ्यापोटी!

प्रेमापोटी! आणि अकरा वर्षं रस्ता बदलते!

अंकल म्हणाले, "मी हे कधी वाचलंच नव्हतं. फक्त तिची सही झाली का, ते बघितलं." चष्मा काढून खिशात ठेवला. टीचरनी त्यांना चहा दिला, मी केळफूल सोलत बसले.

टीचरनी त्यातली महत्त्वाची वाक्यं मला त्यांच्या हाताने उतरवून दिली. रोज तीनदा वाचायची.

१२ ऑक्टोबर, रविवार

रचना आली होती भाजी न्यायला. हल्ली ती सातिवलीला गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते, रविवार तेवढा मोकळा. मी ओट्यावर टीचरचे कागद पसरून बसलेले.

"वहिनी, काय वाचताय?"

सांगितलं. उत्साहात सगळंच सांगितलं! वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, भाऊबीजेला दादाची कशी खोड मोडणार तेही सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या कागदावर पण हेच होतं?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "तुझा कागद वेगळा."

आणि तिच्या पिशवीत जरा जास्तच अळू भरलं. वर केळ्यांची फणी घातली. ती नको नको म्हणत होती.

१३ ऑक्टोबर

रचनाची साडी अठराशे पन्नासची होती. तिला तीन हजारांची सांगितली होती. लेबल मीच काढलं होतं, कात्रीने. हे आजच का आठवावं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीआधीचा शेवटचा क्लास. टीचरनी एक युक्ती सांगितली. "घाई करू नकोस. ते मधे मधे बोलणार, तुझी ओळ चुकणार. कोणी बोललं की भांडायचं नाही. परत पहिल्या ओळीपासून वाचायचं."

"आणि परत बोलले तर?"

"परत पहिली ओळ. पस्तीस वर्षं मी सातवी ब सांभाळलीय."

घरी आले तर वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा फोन. "रंग कुठला आणू? मोरपंखी की राणी?" मी म्हटलं, कागद कुठल्या रंगाचा आहे? "अय्या, कागद पांढराच असतो ना!" बिचारी. तिनेही तिच्या माहेरी कधीच सही केलेली आहे. तिला कुठला रंग मिळाला, ते विचारायचं राहिलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आज धीर सुटतोय. खरं लिहिते.

लहानपणी खाडीवर चिंबोऱ्या पकडायला जायचो. एकदा भरतीच्या पाण्यात माझा पाय रुतला, पाणी छातीपर्यंत आलं. दादाने वेणीला धरून ओढलं बाहेर. चार दिवस डोकं ठणकत होतं. तो माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा, तो पण रडत होता आणि मला मारत पण होता — "परत आलीस तर बघ!"

त्याच्यासमोर बसून त्याचा कागद तपासायचा म्हणजे... कृष्णा म्हणतो, अजून वेळ गेलेली नाही, सही करून टाक, आयुष्यभर भाऊबीज तरी राहील.

नाही. वेणी धरून ओढलं म्हणून जन्मभर वेणी त्याच्या हातात द्यायची असं नाही!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज अक्षर मोठं मोठं येतंय. रागाने! भीतीने नाही.

कृष्णा घरीच राहिला, त्याला ओवाळायला रचना येणार होती. मी एकटीच गेले. दादाला पाटावर बसवलं, ओवाळलं, देवाकडे त्याच्यासाठी मागायचं ते मागितलं. ते खोटं नव्हतं. त्याने तबकात पाकीट ठेवलं, मग मोरपंखी साडीचा खोका दिला, आणि खोक्याखालून फाईल निघाली. वहिनी पेन घेऊन आली, टोपण काढूनच. आईजवळ शाईचं पॅड उघडून ठेवलेलं.

"कर सही जयू, जेवण गार होतंय."

"आधी वाचते."

दादा हसला. "वाचा, मॅडम!"

सहा पानं. चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं, मोठ्याने सुरू केलं. दुसऱ्या ओळीला दादा म्हणाला, "अगं, ती नुसती कायद्याची भाषा असते." मी परत पहिल्या ओळीवर. मग वहिनी म्हणाली, "ताई, वड्या तळायला घेऊ का?" परत पहिली ओळ. दादा ओरडला, "काय लावलंय हे!" परत पहिली ओळ! तेव्हा कळलं त्यांना. सव्वा तास लागला.

सगळं कळलं नाही, खोटं कशाला लिहू? तिसरं पान अर्धं डोक्यावरून गेलं. पण जे कळायचं ते कळलं. नॅचरल लव्ह अँड अफेक्शन भेटलं, ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसं. हिस्सा सोडणारी नंबर दोन — मी. आणि नंबर एक — सत्यवती. मदर. जमीन, आणि 'हाउस' पण. हे राहतं घर. फॉरएव्हर.

मी बोट तिथेच ठेवून मराठीत सांगितलं. "आई, यात मीटरचं काही नाही. तू जमीन देतेस आणि हे घर पण देतेस. कायमचं."

आई दादाकडे बघत राहिली. "शतू, मीटर बोललास ना रं मना?"

"आई, तू माझ्याकडेच राहणार! तुला कोण काढतंय? बिल्डर फ्लॅट देणार, त्यात तुझी खोली—"

"मग लिही तसं," मी म्हटलं. "यात खोलीचा ख पण नाही. आणि माझा हिस्सा लिही. मग करते सही."

"घरच्या घरात लिहून मागतेस? लाज नाही वाटत?"

"आणि तू काय मागतोयस? हा लिहिलेला कागद काय, पंचांग आहे?"

दादा उठून उभा राहिला. कपाळावर मी लावलेलं कुंकू तसंच. "साडी घे आणि सही कर. नाहीतर माहेर विसर!"

"माहेर तुझ्या एकट्याच्या नावावर कधी झालं? सही केल्यावर होणार ना? मी अजून केलेली नाही!"

हे कुठून आलं तोंडात, देव जाणे. कुठल्या धड्यात नव्हतं.

आईने तोवर अंगठा पॅडवर टेकवलेला. निळा झाला होता. तिने तो कागदाकडे नेलाच नाही. पदराने पुसला, नखाच्या कडेची शाई पण काढली, आणि वहिनीला म्हणाली, "सूनबाय, जेवाया वाढ. कागूद ऱ्हावंदे."

आणि मी जेवले! पोटभर जेवले. दादा नाही बसला पानावर. साडी तिथेच ठेवली. पाकीट घेतलं, ती ओवाळणी, त्यावर माझा हक्क आहे.

रिक्षात मात्र रडू फुटलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि गाणी बंद केली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

रजिस्टर ऑफिसला कोणी गेलं नाही. दादाचा फोन नाही. आईचा आला — "वकील बोलतो खोली लिवतो. मी बोलली, जयूचा हिस्सा पन लिव, नाय तर माझा आंगठा नाय."

आई! ही माझी आई!

कृष्णाने आपणहून चहा केला. साखर विसरला. मी गोड मानून प्यायले. संध्याकाळी तो रचनाला फोनवर माझा पराक्रम सांगत होता, आवाज चढवून चढवून. जसा काही हाच गेला होता वाचायला!

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी रचना आली. कामावर खाडा करून. हातात प्लास्टिकची पिशवी, आत तिच्या कागदाची झेरॉक्स, सात वर्षं गादीखाली ठेवलेली. ओट्यावर माझ्यासमोर बसली. "वहिनी, हा पण वाचा ना."

इंग्रजीतच. सोडणारी — रचना. दुसऱ्या पानावर नॅचरल लव्ह अँड अफेक्शन. शेवटच्या पानावर साक्षीदार नंबर दोन — जयवंती. माझीच सही, मराठीत, ठळक. तेव्हा वाचलं नव्हतं. फक्त कुठे करायची ते विचारलं होतं.

चष्मा पुसला. बोट ठेवलं. मोठ्याने सुरू केलं.

चार ओळी झाल्या असतील, कृष्णा हातातली जुडी टाकून वाडीतून आला. "अगं, आधी तिला चहा तरी दे. हे काय घेऊन बसलात—"

मी परत पहिल्या ओळीवर गेले.